देवभात : न पेरतां येणारें धान्य

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणपति बसल्याच्या दुसऱ्या दिवशीं, कोंकणांतील व मुंबईकडील पुष्कळ घरांत स्वयंपाक निराळा असतो. बैलाच्या श्रमाचें त्या दिवशीं कांहींहि खावयाचें नाहीं, असा ऋषिपंचमीच्या व्रताचा दंडक आहे. कश्यपादि सप्तर्षि व त्यांजबरोबर अरुंधती यांचें पूजन करावयाचें, आणि ऋषि जें अन्न खात तेंच त्या एका दिवसापुरतें घरांत शिजवावयाचें, अशी त्यामागील समजूत. पनवेलच्या बाजारांत त्या सुमारास अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचीं कणसें अशा परसांतील जिनसांचे वाटे लागतात, आणि त्या सर्वांची मिळून जी भाजी होते तिला ऋषीची भाजी म्हणतात. भाजीची अडचण पडत नाहीं. कुदळीनें खणलेल्या वाफ्यांत ती होऊं शकते. अडचण भाताची. कोंकणच्या माणसाचें जेवण भातावांचून होत नाहीं, आणि नांगरटीवांचून भात होत नाहीं. बहुतेक घरीं वरईच्या तांदुळांवर वेळ निभावते. वरईचें शेतहि आतां बहुधा नांगरलेलेंच असतें, पण तेवढी चौकशी कोणी करीत नाहीं. जुन्या घरांतून मात्र एका वेगळ्याच तांदुळाचा मान असे, व तो अजूनहि क्वचित् मिळतो. त्याचें नांव देवभात.

हें भात कोणी पेरीत नाहीं, लावीत नाहीं, बेणत नाहीं. गांवतळ्याच्या कांठीं, पाणी सांचणाऱ्या खळग्यांत, ओहोळाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूच्या चरांत पाऊस पडला कीं तें आपोआप उगवतें. शेतांतील भाताशीं त्याचें साम्य इतकें असतें कीं, लोंबी बाहेर पडेपर्यंत अनुभवी शेतकऱ्यासहि तें चटकन ओळखतां येत नाहीं. लोंबी आली म्हणजे दाण्याच्या टोंकास लांब, तांबूस, खरखरीत कुसळ दिसतें, आणि मग संशय राहत नाहीं.

वनस्पतिशास्त्रांत भाताच्या वंशास ओरायझा असें नांव आहे. या वंशांत वीसांहून अधिक जाती आहेत. पैकीं माणसानें शेतांत आणलेल्या दोनच, एक आशियांतील व दुसरी पश्चिम आफ्रिकेंतील. बाकीच्या सर्व रानांतल्या. आपल्याकडे देवभात या नांवाखालीं दोन जाती येतात. उन्हाळ्यांतहि ज्या पाण्याची ओल पुरतेपणीं जात नाहीं तेथें वाढणारी व वर्षानुवर्षें त्याच बुडख्यांतून फुटणारी ती ओरायझा रुफिपोगॉन. तिच्या नांवाचा अर्थच तांबड्या दाढीची असा आहे. पावसाळ्यांत भरणाऱ्या व पुढें आटणाऱ्या उथळ डबक्यांत एका हंगामापुरती उगवून बीं टाकून मरणारी ती ओरायझा निवारा. हें दुसरें नांव १९६५ सालीं शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनीं दिलें, आणि तें देतांना त्यांनीं लॅटिन कोशाकडे न जातां संस्कृताकडे पाहिलें ही गोष्ट चांगलीच झाली. नीवार हा शब्द अमरकोशांत आहे, स्मृतींत मुन्यन्न म्हणून ज्या धान्यांचा निर्देश येतो त्यांत नीवार प्रमुख आहे, आणि कालिदासाच्या वाचकांस तर तो परिचितच आहे.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ तपोवनाजवळ येतो तेव्हां आश्रम जवळ आल्याचें तो कशावरून ओळखतो? झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या पोपटांच्या चोंचींतून खालीं पडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. पुढें चौथ्या अंकांत शकुंतला निघते त्या वेळीं कण्वाच्या मुखीं जें दुःख आहे त्यांतहि नीवार आहेच. तिनें झोंपडीच्या दारापुढें बलि म्हणून टाकलेले दाणे आतां उगवून आले आहेत, ते रोज डोळ्यांसमोर दिसत असतां शोक शमावा कसा, असें तो वृद्ध विचारतो. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सडलेला तांदूळ कधीं उगवत नाहीं. तूस न काढलेलें भात मात्र उगवतें. म्हणजे आश्रमांतील मुलगी बलीसाठीं न कांडलेले दाणे टाकीत होती, आणि कालिदासास भाताचें उगवणें ठाऊक होतें. ज्या कवीचें पाऊल कधीं चिखलांत पडलें नसेल असें आपण समजतों, त्याच्याकडून अशी बरोबर माहिती मिळावी हें विशेष आहे.

आतां प्रश्न असा कीं, जें धान्य फुकट उगवतें तें लोक पोटभर कां खात नाहींत? याचें उत्तर दाण्याच्या देंठांत आहे. शेतांतल्या भाताची लोंबी पिकली तरी दाणे तिला धरून राहतात. विळ्यानें कापून, भारे बांधून, खळ्यावर आणून झोडल्याशिवाय ते सुटत नाहींत. देवभाताचें तसें नाहीं. दाणा पिकला कीं त्याच्या देंठाशीं एक नाजूक पापुद्रा तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळुकीनें, पांखराच्या धक्क्यानें, नुसत्या स्वतःच्या वजनानें देखील दाणा गळून चिखलांत पडतो. सर्व दाणे एकदम पिकतहि नाहींत. लोंबीच्या टोंकाचे आधीं, बुडाचे मागाहून. गळलेला दाणा कुसळाच्या उलट्या कांट्यांमुळें चिखलांत रुततो, आणि लगेच न उगवतां महिनेच्या महिने, कधीं कधीं वर्षेंहि, तेथें निजून राहतो. वनस्पतीच्या दृष्टीनें ही उत्तम व्यवस्था आहे, कापणाऱ्याच्या दृष्टीनें निव्वळ चोरी. माणसानें हजारों वर्षांपूर्वीं जें भात पाळलें तें मुख्यतः न गळणारा दाणा निवडून. ही निवड कोणीं हेतुपूर्वक केली असें नव्हे. जें भात खळ्यापर्यंत टिकलें तेंच पुढील वर्षीं पेरलें गेलें, एवढेंच. २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं दाणा गळण्याच्या या गुणास जबाबदार असलेलीं जनुकें शोधून काढलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं रानभात व शेतभात यांतला हा मोठा भेद अगदीं थोड्या अक्षरांच्या फरकानें घडला आहे.

म्हणून देवभात गोळा करणें हें कापणीचें काम नव्हे, हातचलाखीचें आहे. जेथें तें गोळा करितात तेथें दोन युक्त्या आढळतात. एक अशी कीं, दाणा पिकण्यापूर्वींच शेजारच्या लोंब्या एकत्र धरून त्यांच्या जुड्या बांधून ठेवावयाच्या, म्हणजे कुसळें एकमेकांत अडकून दाणे गळत नाहींत. दुसरी अशी कीं, टोपली हातांत घेऊन उभ्या पिकावरून ती झपाट्यानें फिरवावयाची. जे दाणे पिकले असतील ते टोपलींत येतात, कच्चे लोंबीवरच राहतात, आणि चार दिवसांनीं पुनः तेथेंच जावें लागतें. छत्तीसगडांत या तांदुळास पसहर म्हणतात आणि हलषष्ठीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणें श्रावण वद्य षष्ठीस, तेथील माता तो खातात. तो दिवस बलरामाचा, त्याचें आयुध नांगर, आणि म्हणून नांगराचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य. उत्तरेकडे यासच तिन्नी म्हणतात व उपासास चालवितात. कोंकणांतील ऋषिपंचमी आणि छत्तीसगडांतील हलषष्ठी यांचे देव वेगळे, तिथी वेगळ्या, पण ताटांतला दाणा एकच आहे.

शेतकऱ्याच्या तोंडी मात्र देवभाताविषयीं चांगला शब्द सहसा ऐकूं येत नाहीं. भाताच्या खाचरांत तें शिरलें म्हणजे पिकाचें खत खातें, पीक कापण्यापूर्वींच आपलें बीं सांडून मोकळें होतें, आणि दुसऱ्या वर्षीं दुपटीनें उगवतें. बेणणाऱ्या बायकांस तें रोपांतून निवडतां येत नाहीं. मध्य हिंदुस्थानांत यावर एक नामी तोड काढलेली आहे. तेथें जांभळ्या पानांचें भात लावितात. मग खाचरांत जें हिरवें दिसेल तें रानभात समजून बेधडक उपटावें. परंतु देवभात व शेतभात यांचा संकर सहज होतो, त्यामुळें कांहीं वर्षांनीं रानभाताचींहि पानें जांभळीं होऊं लागतात आणि मग ती खूण निरुपयोगी ठरते.

न पेरलेल्या धान्याभोंवतीं एका लोकसमूहाचें सारें जीवन कसें उभें राहूं शकतें हें पाहावयाचें असेल तर मात्र उत्तर अमेरिकेकडे वळावें लागतें. लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या आसपास, संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन या भागांत आणि कानडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, ओजिब्वे नांवाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्या धान्याचें नांव मनोमिन. इंग्रज लोकांनीं त्यास रानतांदूळ म्हटलें. वस्तुतः तें आपल्या भाताच्या वंशांतलें नाहीं, झिझानिया नांवाच्या दुसऱ्या एका पाणगवताचें तें बीं आहे. ओजिब्वे परंपरा असें सांगते कीं, त्यांचे पूर्वज पूर्वेकडील समुद्रकांठाहून निघाले तेव्हां, जेथें अन्न पाण्यावर उगवत असेल तेथें जाऊन थांबा, अशी भविष्यवाणी त्यांस झाली होती. सुपीरियरच्या पश्चिमेस त्यांनीं मनोमिन पाहिलें आणि ते थांबले.

हें गवत अर्धा ते तीन फूट खोल, संथ पण किंचित् वाहत्या पाण्यांत वाढतें. जूनच्या सुमारास त्याचीं कोंवळीं पानें पाण्याच्या पृष्ठावर आडवीं तरंगत असतात. ही त्याची सर्वांत नाजूक वेळ. त्या दिवसांत पाणी एक फूटभर चढलें तर मुळें चिखलांतून सुटून सगळें पीक वाहून जातें. ऑगस्टच्या अखेरीस दाणा पिकूं लागतो. त्यांच्या भाषेंत त्या महिन्याचें नांवच मनोमिन करण्याचा चांद असें आहे.

सुगीस दोघेजण एका लहान होडींत बसतात. एकजण उभा राहून लांब दांड्यानें होडी ढकलतो. दांड्याच्या टोंकास बेचकें असतें, म्हणजे तो चिखलांत रुतत नाहीं व मुळांसहि इजा होत नाहीं. दुसरा बसून काम करतो. त्याच्या हातांत देवदाराच्या हलक्या लांकडाच्या दोन काठ्या असतात. एका काठीनें तो उभीं कणसें होडीवर वांकवितो व दुसरीनें त्यांवर ओझरता फटका मारतो. फटका कसला, तो स्पर्शच. पिकलेला दाणा तेवढ्यानेंच पडतो. जो पडत नाहीं तो अजून पिकला नाहीं असें समजून पुढें जावयाचें. कांहीं दाणे होडींत पडतात, कांहीं पाण्यांत. पाण्यांत पडलेले दाणे म्हणजे नुकसान असें पाहणाऱ्यास वाटेल, परंतु तीच पुढील वर्षाची पेरणी. दोन-चार दिवसांनीं होडी पुनः त्याच जागीं येते. मिनेसोटा संस्थानाच्या कायद्यानेंहि हीच रीत राखली आहे: होडी १८ फुटांहून लांब व ३६ इंचांहून रुंद नसावी, काठी लांकडी असून ३० इंचांहून लांब नसावी, तिचें वजन एका पौंडाहून कमी असावें, आणि यंत्र मुळींच नसावें. काठीचें वजन ठरवून देणारे कायदे जगांत फारसे नसतील.

पूर्वीं ओजिब्वे स्त्रिया दाणा दुधांत असतांनाच होडींतून जाऊन कणसांच्या जुड्या झाडाच्या सालीच्या दोरीनें बांधून ठेवीत. पांखरांपासून व वाऱ्यापासून रक्षण व्हावें, आणि हा पट्टा कोणत्या घरचा हें बांधणीवरून ओळखतां यावें, असा तिचा दुहेरी उपयोग. आल्बर्ट जेंक्स यानें १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत या रीतीचें तपशीलवार वर्णन केलें आहे. छत्तीसगडच्या तळ्यांवरील बाईस मिनेसोटाची बाई ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. गळणारा दाणा अडविण्यास जुडी बांधणें ही युक्ति दोघींस आपापल्या परीनें सुचली.

होडी किनाऱ्यास लागली म्हणजे खरें काम सुरू होतें. ओला दाणा बर्चच्या सालींवर पसरून एक दिवस वाळवितात. नंतर लोखंडी कढईंत मंद विस्तवावर तो भाजावयाचा, आणि लांकडी वल्ह्यानें सारखा हलवीत राहावयाचें. क्षणभर हात थांबला तर दाणा करपतो. गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर लोखंडाचीं भांडीं येण्यापूर्वीं मांडवावर धुरांत वाळविण्याची चाल होती. भाजल्यानें तीन गोष्टी साधतात: तूस ठिसूळ होतें, दाणा वर्षानुवर्षें टिकतो, आणि त्यास एक खमंग वास येतो. पोहे करणाऱ्यांस ही क्रिया नवीन वाटणार नाहीं. पनवेलहून दक्षिणेस सुमारें दहा कोसांवर असलेलें पेण पोह्यांबद्दल प्रसिद्ध आहे. तेथेंहि भात भिजवून, वाळूंत भाजून, गरम असतांनाच कांडून चपटें करीत. भाजण्याची कला तीच, फळ मात्र वेगळें. मनोमिन चपटें होत नाहीं.

भाजलेला दाणा पुढें जमिनींतील एका लहान, लांकडानें किंवा कातड्यानें मढविलेल्या खळग्यांत ओततात, आणि नवीं, स्वच्छ, मऊ कातडी पायतणें घालून एकजण त्यावर नाचल्यासारखा तुडवितो. अंगाचा भार दाण्यावर पडूं नये म्हणून दोन्ही बाजूंस आडवे दांडे बांधलेले असतात, त्यांस धरून तो अर्धा लोंबकळत असतो. हें काम हलक्या माणसाचें किंवा पोराचें. जड पाय पडला कीं दाणा मोडतो. येथें कोंकणांतील कांडणाची आठवण होते. आपल्याकडे भात भरडण्यास घिरट असे, आणि सडण्यास उखळ व मुसळ. मुसळाखालीं किती तांदूळ मोडले व किती अख्खे राहिले यावरून घरांतील बाईची कसोटी लागे. शेवटची क्रिया दोन्हीकडे एकच: आपल्याकडे सूप, त्यांच्याकडे बर्चच्या सालीचें उथळ तबक, वारा पाहून पाखडावयाचें, तूस उडून जातें, दाणा राहतो.

कांडणाच्या बाबतींत एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिरण्या आल्यावर तांदूळ पांढराशुभ्र होऊं लागला आणि घरोघरचीं उखळें अंगणांत उपडीं पडलीं. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांत आइकमान नांवाच्या डच वैद्यास असें आढळलें कीं, शुभ्र तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्यांस पाय लुळे पाडणारा बेरीबेरीसारखा रोग होतो व कोंड्यासकट दिलें कीं तो बरा होतो. या शोधाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. देवभाताचा तांदूळ तांबूस, बारीक व बहुधा अर्धवटच सडलेला असतो. दिसण्यांत तो बापुडवाणा खरा, पण अन्न म्हणून गिरणीच्या तांदुळापेक्षां कमी नाहीं.

ओजिब्वे लोकांस हें धान्य सुखासुखीं राखतां आलेलें नाहीं. १८३७ सालीं संयुक्त संस्थानांच्या सरकारशीं त्यांचा तह झाला. त्यांत त्यांनीं मोठा भूप्रदेश सोडून दिला, परंतु शिकार, मासेमारी व रानतांदूळ गोळा करणें हे हक्क त्या भूमीवर कायम राहतील असें लिहवून घेतलें. पुढें हे हक्क कागदावरच राहिले. १८८० नंतरच्या काळांत मिसिसिपी नदीच्या उगमाकडील सरोवरांवर सरकारनें धरणें बांधलीं. नौकानयनास व गिरण्यांस पाणी हवें होतें. सरोवरांची पातळी चढली आणि मोठमोठे मनोमिनचे पट्टे बुडाले. १८३७ च्या तहांतील हक्क अद्याप जिवंत आहे असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाकडून मिळावयास १९९९ साल उजाडलें. दरम्यान १९५० पासून मिनेसोटांत हें धान्य बांधबंदिस्तींत पेरण्याचे प्रयोग सुरू झाले, न गळणाऱ्या जाती निवडून काढण्यांत आल्या, आणि आज दुकानांतून रानतांदूळ म्हणून जो काळा तांदूळ विकला जातो त्यापैकीं बहुतेक यंत्रानें कापलेला शेतांतला असतो. खनिज लोखंडाच्या खाणींतून येणाऱ्या पाण्यांतील गंधकाच्या क्षारांनींहि मुळें मरतात, म्हणून १९७३ सालीं त्या संस्थानानें मनोमिनच्या पाण्यांत लिटरमागें १० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट नसावें असा नियम केला. तो अमलांत आणण्यावरून अजून वाद चालू आहे. २०१८ सालीं व्हाइट अर्थ येथील ओजिब्वे पंचायतीनें तर मनोमिन या वनस्पतीसच वाढण्याचा व टिकण्याचा कायदेशीर हक्क आहे असें ठरविलें. हें आपल्याकडील कायदेपंडितांस चमत्कारिक वाटेल; परंतु देवाच्या मूर्तीस कायद्यानें व्यक्ति मानणाऱ्या देशांत त्याचें फारसें नवल वाटावयास नको.

देवभातास कोणताहि तह नाहीं. तें ज्या खळग्यांत उगवतें तो खळगा कोणाच्या मालकीचा हेंहि बहुधा कोणास ठाऊक नसतें. तथापि या दुर्लक्षित गवतानें जगावर केलेले उपकार लहान नाहींत. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियांत भातावर एक खुजेपणाचा रोग पसरला. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूमुळें रोपें गवतासारखीं खुरटून जात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें सहा हजारांहून अधिक वाणांची परीक्षा केली. त्या रोगास दाद न देणारा एकच नमुना निघाला, आणि तो उत्तर प्रदेशांतून गेलेल्या ओरायझा निवाराचा होता. त्याचा संकर करून पुढें जीं बियाणीं निघालीं त्यांतील आय. आर. ३६ हें १९७६ सालीं प्रसृत झालें व आशियांतील कोट्यवधि एकरांवर पेरलें गेलें. त्याच सुमारास, १९७० सालीं, चीनच्या हायनान बेटांत युआन लोंगपिंग यांच्या मंडळीस एका ओहोळाकांठीं रानभाताचें असें एक रोप सांपडलें कीं ज्याचे पराग वांझ होते. तेथील संकरित भाताचा सारा विस्तार त्या एका रोपापासून झाला. ज्यास पनवेलचा शेतकरी बेणून बांधावर फेकतो त्याच्या भाऊबंदांचें हें कर्तृत्व आहे.

पनवेल हें नांव भाताच्या शास्त्रांत अगदींच अपरिचित नाहीं. खाडीच्या तोंडाशीं वसलेल्या या तालुक्यांत, तसेंच उरण व पेण भागांत, शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या समुद्राशीं झुंज देऊन खारी जमीन भाताखालीं आणली. मातीचा बांध घालावयाचा, त्यांत उघाडी ठेवावयाची. ओहोटीच्या वेळीं आंतील पावसाचें पाणी तिचें दार ढकलून बाहेर जातें, भरतीच्या वेळीं समुद्राच्या दाबानें तेंच दार मिटतें. पहिल्या पावसानें मीठ धुऊन निघाल्यावर मोड आलेलें बीं चिखलांत फेकावयाचें, यास रहू म्हणतात. काळा राता, भुरा राता हे तांबड्या तांदुळाचे जुने खारे वाण याच पट्ट्यांतले. गोव्याच्या खाजणांत कोरगुट आहे तसे. पनवेल येथें खारभूमि संशोधन केंद्र आहे व तेथून पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशीं खारें पाणी सोसणारीं भातें निघालीं. बांधांची व्यवस्था पूर्वीं गांवकरी मिळून पाहत. १९४८ सालीं खारभूमीविषयींचा कायदा झाला, १९७९ सालीं दुसरा, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. तेव्हांपासून पडलेली खांड त्याच आठवड्यांत बुजविण्याची गांवाची संवय मोडली, अशी तक्रार पुष्कळ गांवांतून ऐकूं येते. एका उधाणांत खांड मोठी होते, तीन-चार वर्षें मीठ चढतें आणि मग शेतांत तिवरें उगवतात.

देवभात खाऱ्या पाण्यांत जगत नाहीं. त्यास या बांधांच्या आंतलें, डोंगराच्या बाजूचें गोडें पाणी लागतें. आणि नेमकी तीच जमीन गेल्या अर्धशतकांत झपाट्यानें बदलली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या मुंबईसाठीं घेण्यांत आल्या. खाचरें भरून निघालीं, ओहोळ सिमेंटच्या गटारांत गेले, तळ्यांचे उतरते चिखलकांठ दगडांनीं उभे बांधले गेले. विमानतळासाठीं उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथें उद्घाटन झालें. वस्ती वाढली ती कोठें तरी राहणारच. लाखो लोकांस घरें मिळालीं हेंहि खरें. परंतु वडाळे तलावासारख्या तळ्याचें सुशोभन करतांना कांठचें गवत म्हणजे घाण, असा जो सर्रास समज असतो तो तपासून पाहिला पाहिजे. उथळ, निसरडा, ओंगळ दिसणारा कांठ हीच देवभाताची जागा. दगडी भिंतीशीं पाणी एकदम खोल होतें, तेथें तें रुजत नाहीं. जेथें तें अद्याप आहे तेथें शेजारच्या खाचरांतील भाताशीं सतत संकर होऊन निर्भेळ राहत नाहीं, हें दुसरें संकट.

रानभातांचे नमुने जपण्याची व्यवस्था सरकारनें केलेली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशांत व फिलिपाइन्सच्या संस्थेंत दाणे वाळवून, पाकिटांत बंद करून, उणे अठरा अंशांच्या थंडींत ठेवतात. तेथें ते अनेक वर्षें उगवणक्षम राहतात. ओजिब्वे लोकांच्या मनोमिनची ही सोय होऊं शकत नाहीं. त्याचा दाणा वाळला कीं मरतो. त्यास थंड पाण्यांतच ठेवावें लागतें आणि तेथेंहि तो फार वर्षें टिकत नाहीं. म्हणून सरोवराखेरीज त्यास दुसरी कोठी नाहीं. नीवाराचा दाणा दिल्लीच्या थंडींत टिकेल, पण ज्या दिवशीं तो तेथें गेला त्या दिवशीं जसा होता तसाच टिकेल. गाढी नदीच्या कांठच्या चरांत जो अजून उगवतो तो दर पावसांत नवा रोग, नवी कीड, नवें हवामान सोसून बी टाकीत आहे. कुदळ घेऊन चर साफ करणाऱ्यास मात्र तें तांबूस कुसळ बहुधा दिसत नाहीं, कारण साफसफाई पावसाळ्यापूर्वीं होते आणि कुसळ बाहेर पडतें तें पाऊस ओसरूं लागल्यावर.